बिनविरोध रविवार

मतपेटी उघडली, तेव्हा पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर तयार होता.

मी हडपसरच्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो. गाड्यांचे हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, बांधणाऱ्या दीडशे बायका आणि त्यांची हजेरी-रजा बघणारा मी. विजेचा भार विभागावा म्हणून तेव्हा प्रत्येक औद्योगिक भागाला सुट्टीचा वेगळा वार ठरवून दिलेला असे. याला स्टॅगर्ड हॉलिडे म्हणत. आमचा गुरुवार. बायको शिक्षिका, तिचा रविवार. घरात आम्ही दोघंच, आणि बारा वर्षांच्या संसारात सुट्टी एकत्र अशी फक्त सणावारी. मला रविवार हवाच होता.

एकदाची वार बदलायची मुभा मिळाली. मी जनरल मॅनेजरना म्हणालो, "सर, रविवार करू या. वर्कर्स खूश होतील."

"विचारलंत त्यांना?"

"त्यात विचारायचं काय? तरी मतदान घेतो. बिनविरोध होईल."

रविवारला नऊ मतं पडली. त्यातलं एक माझं. बाकी सगळी गुरुवारला.

"पेढे कशाचे?" एक उचलत साहेबांनी विचारलं.

मी लाइन लीडर शालनताईंना गाठलं. त्या मुंढव्याच्या. "अहो, रविवारी सगळे घरी असतात. तुम्हालाच सोयीचं."

"तेच की साहेब. समदी घरी असत्यात. सुट्टी त्यांची, सैपाक माझा. गुरवारी पोरं साळंत, मालक कामावर, सासू देवळात. अकरा ते चार घरात कुणी न्हाई."

"मग करता काय?"

"काय बी न्हाई," त्या म्हणाल्या. "तेवढं काढून घेऊ नका."

मला ओशाळल्यासारखं झालं. कोणाची किती रजा शिल्लक आहे, हे मला तोंडपाठ होतं. सुट्टीतला किती वेळ त्यांच्या वाट्याला येतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. गुरुवार कायम राहिला.

उरलेले पेढे घेऊन पडेल चेहऱ्याने घरी गेलो. "आपला रविवार गेला," मी बायकोला सांगितलं.

"अरेरे," ती म्हणाली. पण आवाज बराच मोकळा वाटला.

मला शंका आली. "रविवारी मी कामावर गेलो की तू काय करतेस गं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि पुड्यातला दुसरा पेढा उचलला.

पुढे नोकरीत मी बरीच मतदानं घेतली. पण सुरुवात घरापासून केली, आणि पेढे निकालानंतरच आणले.