चौतीस मराठी पोरी

देवकाबाईला चार बोली यायच्या आणि चारींतलं एकही अक्षर वाचता यायचं नाही. गोंदियाच्या म्युनिसिपालिटीला नेमकी अशीच बाई हवी होती. मुलींच्या शाळेला मुली मिळत नव्हत्या. रोज सकाळी दारोदार फिरून त्यांना गोळा करायचं, शाळेत आणून सोडायचं आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचं, यासाठी एक बाई ठेवलेली असे. कागदावर या जागेचं नाव काय होतं कोण जाणे, लोक तिला शाळावाली बाई म्हणत. शाळेत तिला बसायला साधं बस्कर मिळत नव्हतं, पण नाव मात्र शाळावाली.

तिची आई छत्तीसगढातली. रेल्वेची माती टाकायला आलेल्या टोळीबरोबर ती आमगावपर्यंत आली, नवरा तिथंच तापानं गेला, आणि पोटात देवका असताना ती एका पोवार पाटलाच्या घरी कामाला राहिली. आईजवळ छत्तीसगढी, पाटलाच्या अंगणात पोवारी, गावात झाडीबोली आणि लग्न होऊन गोंदियात आल्यावर बाजारातली हिंदी, असा तिचा अभ्यासक्रम. नवरा रेल्वेत खलाशी होता. मानमोडीच्या तापाच्या साथीत तो आणि दोन्ही लेकरं आठ दिवसांत गेली. त्यानंतर लोकांच्या पोरींना हाका मारायचं हे काम मिळालं आणि तिनं ते घट्ट धरून ठेवलं. एवढ्यावरून कुणी तिला साध्वी समजू नये. ती एक नंबरची भांडकुदळ बाई होती. पोरीला शाळेत न पाठवणाऱ्या बापाच्या दारात ती अशी काही ठाण मांडून बसे, की शेवटी शेजारीपाजारीच त्याला म्हणत, बाबा, दे ती पोरगी आणि सुटू दे आम्हाला.

ही गोष्ट १९३२ च्या सुमाराची. गावात तांदळाच्या गिरण्या वाढत होत्या आणि छत्तीसगढातल्या दुर्ग-राजनांदगावकडची माणसं गाडीतून बोचकी घेऊन उतरत होती. गिरण्यांच्या मागं त्यांच्या झोपड्यांच्या ओळी झाल्या. पुरुष पोती वाहायचे, बाया उकडलेला धान फरशीवर पसरून दिवसभर उन्हात पायांनी फिरवत राहायच्या, आणि पोरी घरी धाकटी भावंडं कडेवर घेऊन बसायच्या. या ओळींत शाळेच्या वतीनं कधी कुणी पाऊल टाकलं नव्हतं. देवकाबाईनं टाकलं.

पहिली पोरगी मिळाली ती बिसराम हमालाची फुलवंता. सात वर्षांची, डोळे टपोरे आणि तोंड सदा चालू. तिला आणि तिच्या आईला घेऊन देवकाबाई शाळेत आली. हेडमास्तर यादोरावांनी दाखल-खारीज रजिस्टर उघडलं. मुलीचं नाव, बापाचं नाव, जात, वय असं लिहीत ते मातृभाषेच्या रकान्याशी आले आणि त्यांनी विचारलं, "घरी कोणती भाषा बोलता?"

"छत्तीसगढी," फुलवंताची आई सरळ म्हणाली.

यादोरावांनी टाक खाली ठेवला. "ही मराठी शाळा आहे, देवकाबाई. हिला हिंदी शाळेत न्या."

हिंदी शाळा रुळांच्या पलीकडं होती आणि ती फक्त मुलांची होती. हे यादोरावांनाही ठाऊक होतं. देवकाबाई मायलेकींना घेऊन परत फिरली आणि वाटभर तिनं हेडमास्तरांना शिव्या घातल्या.

चौथ्या दिवशी ती त्याच मायलेकींना घेऊन पुन्हा हजर. या खेपेला तिनं येताना वाटेतच त्यांना एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. यादोरावांनी तोच प्रश्न विचारला. फुलवंताची आई मान खाली घालून म्हणाली, "आमची बोली मराठी."

यादोरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग देवकाबाईकडं पाहिलं, आणि रकान्यात मराठी लिहिलं. त्यांना कळलं नाही असं नाही. पण शाळेचा पट घसरला होता, त्यावर वरून दोनदा ताशेरे आले होते, आणि डोकी हवी होती. यादोराव काही दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं. ते सभ्य होते, भित्रे होते, आणि स्वतःच्या सहीला वाघाइतके भीत.

युक्ती लागू पडली म्हटल्यावर देवकाबाई थांबते कशाला? तीन वर्षांत तिनं गिरण्यांच्या मागच्या ओळींतून चौतीस पोरी आणल्या, त्यातल्या सत्तावीस पहिल्याच वर्षी. चौतीसच्या चौतीस आयांना ते वाक्य पाठ करवलं. आपण एवढ्या मोठ्या सरकारी पुस्तकाला फसवलं याचा तिला कोण अभिमान होता!

पुढं वर्गात जे व्हायचं ते झालंच. यादोराव मराठीत बोलत आणि चौतीस जणी त्यांच्या तोंडाकडं बघत बसत. तेव्हा देवकाबाई उंबऱ्याशी बसून तेच छत्तीसगढीत सांगू लागली. यादोरावांनी दोन दिवस नाराजी दाखवली, तिसऱ्या दिवसापासून त्यांना सवय झाली. बारातून पाच गेले किती राहिले, असं ते विचारत तेव्हा फुलवंता गप्प. उंबऱ्यावरून देवकाबाई धान मोजायच्या मापात म्हणे, "बारा काठा धान रहिस, पांच काठा चिरई मन खा गे, त कतका बांचिस?" ती वाक्य पुरं करण्याच्या आत फुलवंता ओरडे, "सात!" आणि चिमण्यांना कुणी हाकललं कसं नाही, हेही वर विचारी. अशी ती पोरगी. सगळ्या वर्गात तिच्याइतकी हुशार दुसरी नव्हती, हे खुद्द यादोराव कबूल करत. अर्थात एकांतात.

पण परीक्षेच्या दिवशी देवकाबाईला फाटकाबाहेर उभं राहावं लागे. आत प्रश्न मराठीत पडत आणि आतून काही आवाज येत नसे. फुलवंता पहिलीत नापास झाली. दुसऱ्या वर्षी पुन्हा नापास झाली, आणि तिसऱ्यांदाही पहिलीतच बसली. तिच्याबरोबर आणखी सव्वीस जणी.

त्याच वर्षी दिवाळीनंतर म्युनिसिपालिटीतून कागद आला. यादोरावांनी तो दुसऱ्या मास्तरांना वाचून दाखवला, तेव्हा देवकाबाई माठात पाणी भरत होती. ज्या शाळेत मराठीखेरीज दुसरी मातृभाषा असलेली तीस किंवा जास्त मुलं असतील, तिथं पहिल्या दोन इयत्तांना त्यांच्या बोलीतून शिकवायला वेगळा शिक्षक मिळणार होता.

देवकाबाईच्या हातातली घागर तशीच राहिली. "गुर्जी, आपल्या तं चौतीस हायेत जी!"

यादोरावांनी रजिस्टर काढलं. पान उलटत, बोट सरकवत त्यांनी नाव न् नाव बघितलं. मग म्हणाले, "देवकाबाई, आपल्या शाळेत अशी एकही मुलगी नाही."

"काऊन नाई? गिरणीवाल्या पोरी दिसून नाई राहिल्या का तुमाले?"

"मला दिसतात हो. इथं दिसत नाहीत. इथं सगळ्या मराठी आहेत."

मग तिला समजलं. एक शब्द चौतीस वेळा, आणि प्रत्येक वेळी तिच्याच शिकवणीनं लिहिला गेलेला. तिनं घागर खाली ठेवली. "बदला ना जी मंग. खोटं हाये ते."

"खाडाखोड करू? माझी सही आहे प्रत्येक पानावर." यादोरावांनी रजिस्टर मिटलं. "सोमवारी डिप्टी साहेब तपासणीला येतायत. बायांनी त्यांच्यासमोर स्वतः सांगितलं, तर ते दुरुस्ती करतील. माझ्या हातात काही नाही."

देवकाबाईला तेवढं पुरेसं होतं. दोन संध्याकाळी ती झोपडीन् झोपडी हिंडली. या खेपेला खरं सांगायचं, छत्तीसगढी म्हणायचं, तसं सांगितलं की पोरींना आपल्या बोलीत शिकवणारा मास्तर मिळणार, असं तिनं प्रत्येक आईला चारचारदा समजावलं. बाया माना डोलवत होत्या. फुलवंताच्या आईनं तर तिला बसवून पेज पाजली. रविवारी देवकाबाई इतकी खुशीत होती की ओळीतल्या सहासात पोरींना धरून तिनं स्वतः वेण्या घातल्या. फुलवंता यंदा पास होणार, पुढल्या वर्षी दुसरी, मग चौथी, आणि एक दिवस हीच पोरगी मास्तरीण होऊन या शाळेत उभी राहणार, इथपर्यंत तिचं मन धावत गेलं होतं.

सोमवारी सगळ्या आया आल्या. अर्ध्या दिवसाच्या कामावर पाणी सोडून, धुतलेली लुगडी नेसून, ओसरीवर ओळीनं बसल्या. डिप्टी साहेब नागपूरकडचे, शांत स्वभावाचे. त्यांनी रजिस्टर पुढ्यात घेतलं आणि पहिल्याच नावाला हाक मारली. फुलवंताची आई उठली.

"घरी कोणती भाषा बोलता, बाई?"

तिनं एकदा देवकाबाईकडं पाहिलं. मग ठामपणे म्हणाली, "आमची बोली मराठी."

देवकाबाईला वाटलं, घाबरली बिचारी. पण दुसरीही तेच म्हणाली. तिसरीही. चौथी तर न विचारताच म्हणाली. एकामागून एक चौतीस बाया उठल्या आणि तेच वाक्य म्हणून खाली बसल्या. त्यांच्या बोलण्याचा हेल कुणा बहिऱ्यालाही ओळखू आला असता. साहेबांनाही आला असणार, पण हेल लिहायला रजिस्टरात रकाना नव्हता.

देवकाबाई पुढं धावली. "साहेब, खोटं बोलून राहिल्या जी ह्या! मीनंच शिकवलं होतं यायले. यायले मराठीचा एक सबद येत नाई!"

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

यादोराव पायांच्या बोटांकडं बघत म्हणाले, "मुली गोळा करणारी बाई आहे, साहेब. अडाणी आहे."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "बाई, पोरींच्या आया काय सांगतात ते मी धरायचं, का तू काय सांगतेस ते?" आणि ते पुढल्या कामाला लागले. पुढलं काम निकालाचं होतं. सत्तावीस मुली तीन वर्षं पहिलीतच, आणि सगळ्यांची मातृभाषा मराठी! स्वतःच्या मातृभाषेतलं पहिलं पुस्तक तीन वर्षांत वाचता येत नाही म्हणजे मुली मंदबुद्धीच्या आहेत, त्यांनी उगाच जागा अडवू नये, असा शेरा त्यांनी मोठ्यानं वाचत लिहिला आणि सत्तावीस नावं खारीज केली. बाकीच्या सातजणी नव्या होत्या म्हणून राहिल्या. पोरी ऐकत होत्या, पण शेरा मराठीत होता.

यादोरावांनी त्या पानावर सही केली. आता ते निश्चिंत दिसत होते.

त्या संध्याकाळी देवकाबाई संतापून बिसरामच्या दारात उभी राहिली. काय काय बोलायचं हे तिनं वाटेत ठरवून ठेवलं होतं. पण फुलवंताची आई हसत बाहेर आली आणि तिनं वाकून तिचे पाय धरले. मग सगळं बाहेर आलं. रविवारी ती वेण्या घालून परतल्यावर यादोराव गिरणीवर येऊन गेले होते. रजिस्टरातली माहिती खोटी निघाली तर ज्यानं ती द्यायला शिकवली त्याची नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल, एवढंच ते बिसरामला सहज बोलल्यासारखं सांगून गेले. कुणाला वाचवायला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. तेवढं ऐकून सगळ्या बाया एका झोपडीत जमल्या. शाळावाली बाई आपल्या पोरींसाठी स्वतःचा जीव धोक्यात घालते आहे, आणि आपल्याला कळूही देत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. बाईला काही होऊ द्यायचं नाही. कुणीही फुटायचं नाही.

"तुंहर नाव नइ आवन देन, बाई," ती अभिमानानं म्हणाली. तुमचं नाव येऊ दिलं नाही. आणि मग लगेच विचारलं, की तो नवा मास्तर कधी येणार? फुलवंता दुपारपासून विचारते आहे.

देवकाबाईनं तिला सांगितलं. मास्तर येणार नाही. फुलवंताचं नाव काढलं. सत्तावीस जणींची नावं काढली.

फुलवंताच्या आईला आधी ते खरंच वाटेना. "कइसे?" ती म्हणाली. "तुमन जइसे सिखोए रहेव, वइसनेच तो कहेन."

तुम्ही शिकवलं होतं तसंच तर म्हटलं.

देवकाबाईला त्या बाईचा राग यायला हवा होता, तो येईना. यादोरावांचा येत होता, पण त्याचा या दारात काही उपयोग नव्हता. "हव, बने करेव," ती शेवटी म्हणाली, बरं केलंत, आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी फुलवंता आईबरोबर गिरणीच्या फरशीवर धान फिरवायला गेली. तिथला मुकादम राजनांदगावकडचा होता. तो काय सांगतो ते तिला सगळं एका खेपेत समजत होतं.