रुमालाखालचा हात

माझ्या सख्ख्या मामाने मला फसवलं. बैलबाजारात भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. माझ्या वतीने हात घालून त्याने व्यापाऱ्याशी संगनमत केलं आणि माझा पहिला बैल मातीमोल गेला. "भाच्या, फुकटात जग शिकलास!" असं म्हणून वर हसला.

आज बाजारात दोन अनोळखी हात तसेच रुमालाखाली जाताना पाहिले आणि वाटलं, काळात मागे जाता आलं तर मामाचं मनगटच धरीन. पण त्या दिवशी फसलो म्हणून तर मी सौद्यात कुणाला न सोडणारा झालो. तो दिवस पुसला तर आजचा मीही पुसला जाईन. म्हणजे तिथे पोचूनही मी गप्पच उभा राहीन, आणि बैल वळून वळून माझ्याकडे बघत जाईल.

मामा, तुझ्या पापाचा राखणदार तू मलाच करून ठेवलंस. याचा जाब दे.