पाचवा दरवाजा

सन १८६३च्या सुमाराला अमरावतीत कापसाची चंगळ आणि शहाणपणाची टंचाई एकाच वेळी आली. कुठल्या तरी अमेरिकेत भाऊबंद एकमेकांशी लढत होते, त्यामुळे तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. अमेरिका कुठे आहे हे इकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. भातकुलीचे खुशालराव म्हणत, नर्मदेच्या थोडी पलीकडे. पण तिथली लढाई थांबू नये म्हणून त्यांनी गावच्या मारुतीला नवस मात्र बोलला होता.

खुशालराव म्हणजे चांगल्या काळ्या जमिनीचे धनी. त्या वर्षी त्यांनी छत्री घेतली आणि ती ते घरातही उघडून बसत. भिंतीवरचं घड्याळ घेतलं. त्याला चावी द्यावी लागते हे विकणाऱ्याने सांगितलं नाही, म्हणून घरची माणसं त्याला रोज हळदकुंकू वाहत. एवढं करूनही एक अडचण उरत होतीच. आपण अमरावतीला जाऊन कापूस विकून आलो, हे गावाला दाखवायचं कशाने? मिठाई वाटेत संपते. लुगडं बायको पेटीत घालते. म्हणून कापसाच्या गाड्या रिकाम्या होऊन परत निघाल्या की कुंभारवाड्यात थांबत आणि एकेक जण नत्थुजी कुंभाराकडून मातीचा दरवाजा घेऊन जाई.

अमरावतीच्या परकोटाला दरवाजे पाच आणि खिडक्या चार. पेंढाऱ्यांच्या भीतीने बांधलेल्या त्या भिंतीतून आता पेंढारी यायचे थांबले होते आणि दलाल येत होते. भिंतीला फरक कळला नाही.

हे दरवाजे मातीत करायची कल्पना नत्थुजीची नव्हे. नत्थुजी मडकी करणारा माणूस. मडक्याला तोंड एक असतं आणि ते वर असतं, याच्यापलीकडे त्याने आयुष्यात विचार केला नव्हता. कल्पना त्याच्या बायकोची, पार्बताबाईची. ती बार्शीटाकळीची. लग्नानंतर बैलगाडीतून पहिल्यांदा परकोटापाशी आली तेव्हा पदर सावरायचा विसरून तिने मान वर केली आणि सासूचे पहिले बोल तिथेच खाल्ले. पुढे एका वर्षी पोळ्याचे बैल करताना उरलेल्या मातीचा तिने वीतभर दरवाजा केला. वर तटाच्या दातेरी चऱ्या, मधे कमान, दोन उघडी कवाडं, गेरूचा हात आणि चुन्याच्या रेघा. भट्टीत तो बैलांच्या शेजारीच भाजला. बाजारात बैल उरले, दरवाजा गेला.

मग तिने नियम केले. वर्षाला एकाच दरवाजाचे नग. यंदा नागपुरी, तर पुढच्या वर्षी अंबा. झालेला परत करायचा नाही. आणि दरवाजा बाहेरून दिसतो तसाच करायचा. "आल्या मानसाले दिसते तसा," ती म्हणे. "घरी फळीवर ठेवला का वाटलं पायजे, आपुन आताच येऊन राहिलो."

वर्षाला एकच, या नियमाने जाणत्या माणसांची पोरं केली. खुशालराव दुसऱ्या वर्षी आले, म्हणजे त्यांचा पहिला दरवाजा हुकला. तो त्यांच्या चुलतभावाकडे होता. तो पाहायला ते भावाकडे दोनदा जेवायला गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा भावाने दरवाजा ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवला होता. दोघांचं बोलणं त्या दिवसापासून बंद.

चार वर्षांत चार दरवाजे झाले. प्रत्येकातला एक पार्बताबाईने लेकीच्या, सुभद्रेच्या नावाने फळीवर ठेवला. पाचव्याचं कुणी नाव काढत नसे. गावातली मयतं त्या दरवाजाने बाहेर जात, म्हणून त्याला सगळे नुसतं 'तो' म्हणत. नत्थुजीची आणि त्याची ओळख मात्र जुनी होती, कारण तिरडीपुढे जे मडकं जातं ते त्याच्याकडचं. गावात कुणी गेलं की सोयऱ्यांच्या आधी निरोप नत्थुजीला. एक मडकं तो ओट्यावर बाजूला काढून ठेवीच. पार्बताबाई हसे. "तुमचं हेच गिऱ्हाईक चांगलं. भाव करत नाई, आन् मडकं गळते म्हनून वापस येत नाई."

मागच्या आषाढात हैज्याची साथ आली. सकाळी पार्बताबाई माती तुडवत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या दरवाजाने गेली. पुढे नत्थुजी चालत होता, हातात मडकं. ते घरचंच होतं.

नत्थुजी रडला नाही. माणसं वाट पाहून दमली. दहावा झाला, तेरावा झाला, चाक फिरत राहिलं. उलट मडकी आधीपेक्षा चांगली निघू लागली. पूर्वी दहांत एखादं कलतं असे, आता सगळी एकासारखी एक. बाया ती बोटाने वाजवून घेत आणि म्हणत, बिचारा. शेजारची माणिकबाई माळीण फुलांची पाटी विकून आली की त्याच्यापुढे ताट ठेवी.

"जेवला काय, नत्थुभाऊ?"

"असंन."

"असंन म्हंजे? पोट कोनाचं हाय, माहं?"

नत्थुजी यावर विचार करी. टाळण्यासाठी नव्हे, खरोखरच. मग माणिकबाई ताटाकडे पाहून स्वतःच ठरवी की जेवला नाही.

सुभद्रेची सोयरीक आईच्या हयातीतच अकोल्याच्या पुंजाराम कुंभाराच्या मुलाशी, गोवर्धनशी, ठरली होती. आता आई गेल्यावर लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं. तीन वर्षं थांबायला पुंजाराम तयार नव्हता. अकोल्याला कुंभारांच्या पोरींचा दुष्काळ नव्हता. फाल्गुनात तो आपल्या थोरल्या विधवा बहिणीला, मनकर्णाबाईला, घेऊन बोलणी पक्की करायला आला. पुंजाराम भला माणूस, पण त्याच्या घरी बोलायचं काम मनकर्णाबाई करी.

"आमच्या अकोल्याले किल्ला हाय," पुंजारामने गूळपाणी घेता घेता सुरुवात केली. "आन् आगगाडी येऊन राहिली."

"आमच्याकडेबी येऊन राहिली," माणिकबाई म्हणाली.

"तुमच्याकडे नाई बाई. बडनेऱ्याले. तुमी मंग तिथवर पायी जाजा."

मनकर्णाबाईने त्याला हाताने गप्प केलं. "आमाले भांडे नाई पायजे. आमी तेच करतो. पन रुखवतात अमरावतीचे दरवाजे मांडा. पाचही. चार नाई चालत, चार आकडा कशाचा हाय, तुमाले मी काय सांगू. आमच्या बाया वरातीत येतीन त्या पाहालेच येतीन."

नत्थुजीने मान हलवली. त्या दिवसांत तो कशालाही मान हलवत असे. जाण्याआधी मनकर्णाबाईने पाचही दरवाजांतून एकेकदा आत-बाहेर केलं. ज्या मालाचा सौदा केला तो नीट पाहून ठेवायची तिची रीत होती.

चैत्र लागला.

"बा, पाचवा?"

"करतो."

"कई?"

"माती भिजू दे."

माती भिजली, आंबली, तिला वास सुटला. सुभद्रेने ती टाकून दुसरी भिजवली. माणिकबाईने तोड काढली, "नागपुरीच दुसरा कर ना. रंग बदलव. कोनाले कळते?"

"आतेसासूले कळंन," सुभद्रा म्हणाली. "ते दगडं मोजून गेली." मग ती बापाच्या पुढ्यात बसली. "बा, चार कशी मांडू मी? चार जन काय उचलतात, ठाव हाय ना तुले? त्या बाया उठून जातीन. मंग मी इथीच. तीन वरसं मडके भाजत बसू काय?"

नत्थुजीने चाक थांबवलं. ते हळू हळू थांबलं.

"मले तो आठवत नाई," तो म्हणाला.

"काय आठवत नाई?"

"तो. किती खेपा मडकं पोचवाले गेलो. आता डोये मिटले का नुसती भिंत दिसते. कमान किती उंच, वरतं काय हाय, काईच नाई."

सुभद्रेला बाप रागावेल, रडेल, माती फेकेल असं सगळं वाटलं होतं. हे वाटलं नव्हतं.

"मंग जाऊन पाय ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. दरवाजाच्या आत, समोरच्या कडुनिंबाखाली बसला. सावली तिथे होती म्हणून तिथे. देवडीतला पहारेकरी त्याला चांगला ओळखत होता.

"कोन गेलं, नत्थुजी?"

"कोनी नाई."

"मंग मडकं कुठी हाय?"

"आनलं नाई."

पहारेकऱ्याला हे उत्तर विचित्र वाटलं, पण त्याने तंबाखू पुढे केली. गवताचे भारे घेऊन बाया आत आल्या. एक म्हैस कमानीत उभी राहिली आणि मागची माणसं तिच्या मालकाच्या सात पिढ्या काढत राहिली. दोन पोरी शेणाच्या पाट्या घेऊन बाहेर गेल्या. नत्थुजी बोटाने धुळीत रेघा ओढत होता. कमान, दोन देवड्या, कवाडं, कवाडामागचा लाकडी अडसर. दुपारी सावली सरली तेव्हा तो उठला. बाहेरच्या बाजूला तो गेलाच नाही. त्याला ते सुचलं नाही.

संध्याकाळपर्यंत दरवाजा मातीत झाला. आठ दिवस सावलीत वाळला, मग भाजला. गेरू लावताना त्याचा हात नेहमीसारखाच स्थिर होता. सुभद्रेने तो इतर चारांच्या शेजारी ठेवला, एकदा मोजले, परत मोजले. माणिकबाईने मोजले. पाच होते. त्यात काही वेगळं आहे असं दोघींना दिसलं नाही. तो दरवाजा नीट पाहिलेलं माणूस गावात शोधून सापडलं नसतं. तिथून जाताना सगळ्यांच्याच माना खाली असत.

वैशाखात अकोल्याची वरात आली, सात गाड्यांची. पुंजारामने उतरल्या उतरल्या आगगाडीचं पुन्हा सांगितलं. मांडवात रुखवत मांडलं होतं. शेवयांचे करंडे, कुरडयांचे मनोरे आणि पुढे ओळीने पाच दरवाजे. अकोल्याच्या बाया वाकून वाकून पाहू लागल्या. आमच्या किल्ल्यापुढे काहीच नाही असं म्हणत त्या परत परत वाकत होत्या. मंगलाष्टकं व्हायची होती. मुंडावळ्या बांधलेली सुभद्रा मामाशेजारी पाटावर बसली होती.

मनकर्णाबाई सर्वांत शेवटी आली. एकेक दरवाजा उचलून पाहत पाचव्यापाशी थांबली.

"हे काय हाय?" तिने बोट ठेवलं.

"दरवाजा," माणिकबाई म्हणाली.

"दरवाजा मलेबी दिसते. हा अडसर हाय. अडसर बाहेरून दिसते काय? आन् ह्या देवड्या. हे आतली बाजू हाय."

वाकलेल्या बाया सरळ झाल्या. माणिकबाईने दरवाजा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. सुभद्रेने मान वर केली नाही, पण मुंडावळ्यांची टोकं हलायची थांबली. त्या दरवाजाने माणूस आतून बाहेर कधी जातो, हे मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं. मनकर्णाबाईच्या तोंडातून एक शब्द निघायचा अवकाश होता, की सात गाड्या आल्या वाटेने परत गेल्या असत्या.

"इवाई," ती म्हणाली. "हा तुमी केला?"

नत्थुजी खांबापाशी उभा होता. नवं धोतर त्याला कुणी तरी नेसवल्यासारखं दिसत होतं.

"हो."

"बाकीचे चार?"

"तिनं."

"ते बाहेरून हायत. हा आतून कावून?"

नत्थुजी जवळ आला. त्याने दरवाजा पाहिला, मग चारही पाहिले. त्यालाही ते तेव्हाच दिसलं असावं.

"मले आतूनच दिसला," तो म्हणाला. "जातानी."

चुलीवरच्या कढईचा आवाज मांडवापर्यंत येत होता. मनकर्णाबाईने दरवाजा खाली ठेवला. ओळीतून थोडा पुढे आला होता, तो मागे सरकवला.

"काय झालं, अक्का?" पुंजारामने पलीकडून विचारलं.

"काई नाई. पाच हायत. भटजीले म्हना, चालू द्या."

लग्न लागलं. जेवणं झाली. खुशालरावांनाही आमंत्रण होतं. ते छत्री उघडून जेवले आणि जाताना पाचवा दरवाजा कुठे मिळेल म्हणून चौकशी करून गेले. नत्थुजीला लोकांनी जेव म्हटलं तेव्हा तो जेवला, पान दिलं ते त्याने तोंडात धरून ठेवलं. पाच दरवाजे पेंढ्यात गुंडाळून मनकर्णाबाईने स्वतः आपल्या गाडीत ठेवले.

निघायच्या वेळी सुभद्रा बापाच्या पाया पडली. माणिकबाईने मागून सांगितलं, "हात ठेव तिच्या डोक्यावर, नत्थुभाऊ." नत्थुजीने हात ठेवला. मग तो उचलायचं त्याला आठवलं नाही. बैल जुंपलेले होते, गाडीवान वळून पाहत होते, मागे आशीर्वाद द्यायला बायांची रांग लागली होती. कुणी खोकलं. सुभद्रा तशीच वाकून राहिली, बराच वेळ. मग तिने दोन्ही हातांनी तो हात धरला, हलकेच खाली आणला, त्याच्या अंगाशी ठेवला आणि जाऊन गाडीत बसली.