टेपकाकांचं बोट

टेपकाकांना नाचातलं ओ की ठो कळत नाही, असं बाई चारचौघांत खुशाल सांगायच्या आणि काका मान डोलवायचे. बाई म्हणजे त्यांची बायको. समोरच्या खोलीतलं सामान भिंतीला सरकवलं की बाईंचा नाचाचा वर्ग तयार. कोपऱ्यात एक स्टूल, स्टुलाशेजारी टेप आणि टेपच्या बटणावर काकांचं बोट. नाव पडलं ते त्यावरून. पुढे टेप जाऊन लॅपटॉप आला, पण नाव काही हललं नाही.

ऑफिसात काका पगाराचे प्रोग्राम लिहायचे. घरी आले, चहा घेतला, की थेट स्टूल. बाई म्हणाल्या "थांबा!" की गाणं आणि मुली एकदमच थांबायच्या. मग कुणाचा हात वाकडा, कुणाची मान मोडलेली, यावर यथासांग बोलणी. ती संपली की "परत!" आणि गाणं सुरू. माणूस निवृत्त झाला, स्टूल मात्र नाही.

मग हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना काय जातंय म्हणायला! काकांचं बोट एकदा दाबायच्या जागी दोनदा दाबायचं. गाणं सुरू होऊन तिथल्या तिथे बंद पडायचं आणि मुली एक पाय वर धरून बगळ्यासारख्या उभ्या. एकदा दोघी-तिघी फिस्सकन हसल्या. बाईंनी त्यांना असं काही झापलं की खोली गार पडली. काकांना हसण्याचं काही वाटलं नव्हतं, त्या झापण्याचं वाटलं. आपल्याला आता सांभाळून घेतात, हे त्यांना कळलं. कुणी ऊठ म्हणायच्या आत आपणच स्टुलावरून उठावं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

उठायचं तर मागे सोय करून. बाईंना पायानेच गाणं थांबवता आणि लावता येईल असा प्रोग्राम ते लिहायला बसले. जन्मभर लिहिलेल्या प्रोग्रामांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे सुरुवात पहिलीच्या वर्गापासून. त्यात लायब्ररी सापडली आणि स्वारी खूश झाली.

"आवाज वाजवायचं कष्टाचं काम कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं," त्यांनी बाईंना समजावलं. "त्याला लायब्ररी म्हणतात. आपण फक्त सांगायचं, ही फाइल उघड, वाजव, थांब, आवाज कमी कर."

"म्हणजे स्वयंपाक दुसऱ्याचा आणि तुम्ही नुसते वाढपी."

"वाढप्याशिवाय कुणाचं पोट भरलंय का?"

पहिल्या दिवशी 'वाजव' हा हुकूम त्यांनी चुकून नको तिथे लिहिला. प्रोग्राम तो पुन्हा पुन्हा पाळत राहिला आणि एकाच गाण्याच्या पन्नासेक प्रती एकमेकींच्या उरावर बसून किंचाळल्या. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सगळं ठीक आहे ना? पण काका चिकट. महिनाभरात प्रोग्राम उभा राहिला. पायाने दाबायचं एक बटणही त्यांनी विकत आणलं, ते लॅपटॉपला जोडलं आणि वर्गाच्या वेळी स्वतः स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. स्टूल रिकामं दिसत होतं. त्यांनी तिकडे बघायचं टाळलं.

बाईंनी पायाने बटण दाबलं, गाणं थांबलं. बोलणी झाली. पुन्हा दाबलं, गाणं सुरू झालं. आणि मुलींची नुसती पळापळ. कुणी आधी, कुणी नंतर, मोठी मुलगी धाकटीच्या पायावर. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच.

"अहो, बिघडलंय हे तुमचं!"

काका लगबगीने आले, वाकून लॅपटॉप बघितला. "छे, बरोबर आहे. थांबलं तिथूनच लागतंय, तसूभरही इकडेतिकडे नाही."

"मग पूर्वी असं का नव्हतं होत? पूर्वी मुली बरोबर उचलायच्या."

काका ओशाळे होऊन म्हणाले, "पूर्वी मी जरा मागे न्यायचो ना गाणं."

"मागे? किती?"

"ते बघून. लहानग्या असल्या तर अख्खी ओळ. मोठ्यांना थोडंच पुरतं. आणि ती उंच मुलगी, तुझी बोलणी बसली की तिला आधी डोळे पुसायचे असतात. तिच्यासाठी थोडं जास्त."

बाई बघतच राहिल्या. इतकी वर्षं त्या "परत!" म्हणत आल्या होत्या आणि गाणं कुठून लागतं, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"आणि तुझा गुडघा धरायला लागल्यापासून तर आणखीच," काका म्हणाले. "तुला मुलींना सरळ करून पुढे जागेवर जायला वेळ लागतो."

मुली बाईंच्या गुडघ्याकडे बघायला लागल्या. काकांना वाटलं, आपण भलतंच बोललो. ते घाईघाईने म्हणाले, "काळजी नको करू. दर वेळी चार सेकंद मागे जा, असं लिहून टाकतो. एका ओळीचं काम आहे."

"आणि कोण रडवेली झालीय ते कोण बघणार? तुमची लायब्ररी?" बाईंनी ते पायाचं बटण पायानेच कपाटाखाली ढकललं. "तुमचं बोट दोनदा पडतं ना? मग त्या लायब्ररीला सांगा, लगेच पडलेलं दुसरं ऐकू नकोस म्हणावं."

"ते लायब्ररीचं काम नाही. ते मलाच लिहावं लागेल."

"मग लिहा की! मुली बसल्यात."

काका स्टुलावर बसले. एवढी साधी गोष्ट त्यांना महिनाभरात सुचली नव्हती, कारण तो सगळा प्रोग्राम त्यांनी स्वतःला वजा करूनच लिहिला होता. बोटं थरथरत होती, अक्षरं चुकत होती, पण कुणी हसलं नाही आणि कुणी झापलंही नाही. जमिनीवर बसलेल्या मुली आपापसांत कुजबुजत राहिल्या. ओळी लिहून झाल्या तशी काकांनी मान वर केली.

"परत!" बाई म्हणाल्या.

बोट पडलं, थरथरून पुन्हा पडलं, आणि गाणं चालूच राहिलं. चांगलं दोन ओळी मागून लागलं होतं ते. बाई गुडघा सांभाळत आपल्या जागेकडे निघाल्या, आणि घाई नाही हे आता माहीत असल्यामुळे, सावकाश चालत गेल्या.