रघूअण्णाची खोली

खालून कॅरमच्या पावडरीचा वास आला आणि मंडळाचा इतिहास लिहिता लिहिता माझा हात थांबला. हॉलमध्ये पोरं खेळत होती. मराठी, कन्नड, इंग्रजी, सगळं एकाच वाक्यात.

आमचं युवक मंडळ बंगळुरात, मल्लेश्वरममध्ये रघूअण्णाच्या घरापुढच्या खोलीत सुरू झालं. त्याचं मराठी घराणं इथं कैक पिढ्यांचं. आम्ही बेळगावकडून नोकरीला आलेले. नियम आम्हीच केला: खोलीत फक्त मराठी. तोंडून कन्नड शब्द निघाला की डावातून बाहेर. एका रविवारी राणी घ्यायच्या बेतात असताना रघूअण्णा म्हणाला, "ओंद निमिष, थांबा रे."

"अण्णा, बाहेर!" सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो तो मीच.

तो हसत उठला आणि पायरीवर बसून आमचा डाव बघत राहिला. घरातून आलेली कॉफीही त्यानंच आम्हाला दिली. पुढच्या रविवारी मात्र खोलीची किल्ली त्याची बहीण घेऊन आली. मग दर रविवारी तीच येत राहिली.

तेव्हा वाटलं, काहीतरी काम असेल त्याला. आता 'संस्थापक' या शब्दापुढे त्याचं नाव लिहावं, तर तो आमच्यात होता किती रविवार? लिहू नये, तर खोली कुणाची होती? आणि तो हसला होता, हे तर मला स्पष्ट आठवतंय. की हसत होतो ते आम्हीच?