शिबिराच्या जुन्या होड्या

करी रोडची आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि बाबा वरच्या मजल्यावर अडकले. आई गेल्यावर तर ते दिवसभर टीव्हीसमोर बसून बातम्यावाल्यांशी भांडायचे. म्हणून मीच त्यांना कामाला लावलं. मी काम करते ती संस्था शहराबाहेरच्या तलावावर मुलांचं उन्हाळी शिबिर घेते. तिच्या जुन्या लाकडी होड्या वडाळ्याला खाडीकाठच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उलट्या पडून होत्या. त्या मोडीत काढून फायबरच्या घ्यायच्या, असं ठरतच आलं होतं. मी बैठकीत मध्येच म्हणाले, माझे वडील दुरुस्त करतील. मालवणला लहानपणी होड्यांवरच हात बसलाय त्यांचा, नंतर मिलच्या सुतारखात्यात जन्म काढला. हे सांगताना मला कोण अभिमान वाटत होता!

बाबा बदललेच. सकाळी माझ्याआधी तयार. खराब फळ्या काढून नव्या बसवल्या, तेलात भिजवलेला कापूस फटींत ठोकून भरला, रंग दिला. रात्री जेवताना होड्यांचंच पुराण. माझी मुलगी कंटाळून म्हणायची, "आजोबा, आता होडीतच झोपत जा." मी मात्र खूश होते. त्यांना भूकही लागायला लागली होती.

शिबिराच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं वडाळ्याला गेलो. भरती होती. होड्या दोरीला बांधून खाडीत सोडलेल्या. कोरडं लाकूड पाण्यात फुगलं की उरल्यासुरल्या फटी मिटतात, म्हणून बाबांनी त्या आधीपासूनच पाण्यात ठेवल्या होत्या.

"झालं ना बाबा? उद्या टेम्पोत चढवू?"

"चढव की."

तेवढ्यात मुलीने चपला काढल्या आणि जवळच्या होडीत पाय टाकला. बाबांनी तिचा दंड असा ओढला की ती कळवळली.

"तू नको."

"का नको?" मी विचारलं. त्यांनी नजर पाण्याकडे वळवली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. "नातीला नको, आणि लोकांच्या पोरांना चालेल? बाबा, तिकडे पाणी खोल आहे!"

बाबा तिथेच काठावर बसले. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले.

"साखरेच्या आजाराने बोटं बधिर झालीत. कापूस घट्ट बसला की नाय, हाताला समजतच नाय. वरून बघून किती कळणार? रिकामी होडी तरंगते, पण पोरं बसल्यावर कापूस सुटला तर? सांगितलं असतं, तर तू काम काढून घेतलं असतंस."

घेतलंच असतं. त्यांचा भयंकर राग आला होता आणि तेवढंच वाईटही वाटत होतं. उद्या त्या होडीतून कुणाचं लेकरू बुडालं असतं. तरीही त्यांना आणखी बोलायला जीभ रेटेना.

मी संस्थेच्या प्रमुख बाईंना फोन लावला. होड्या येणार नाहीत म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारल्यावर पटकन बोलून गेले, "लाकूडच निकामी निघालं हो. वडिलांनी खूप मेहनत घेतली, पण लाकडातच दम नाही."

"लाकडाला कशाला बोल लावतेस गो?" बाबा मागून मोठ्याने म्हणाले. "लाकूड चांगलं आहे. सांग त्यांना, सुतार कामाचा नाय उरला."

पलीकडून बाईंनी हळूच विचारलं, "वडील आहेत का ते?" त्यांना ऐकू गेलं होतं.