गल्लीच्या तोंडावरची बल्ली

मेंबर काकाजींच्या तोंडून ‘कायमचं’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. ‘करून पाहू, नाही जमलं तं मोडू,’ हे त्यांचं पालुपद. कमिटीत रस्त्यावर कंदील लावायचा ठराव आला, की आधी लावून पाहू. घरात वरणात गूळ घालायचा की नाही, यावरही करून पाहू. खामगावात आमच्या भागातून ते कमिटीवर निवडून गेले होते, म्हणून सगळे त्यांना मेंबरच म्हणत. मी शेजारच्या घरात सून म्हणून आले, तेव्हा सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, “यायले बी काकूनं करून पाहूनच ठेवलं असन.”

आमची गल्ली म्हणजे चिखलीच्या रस्त्यावरून सरकी काढायच्या जिनाकडे जायची जवळची वाट. मोठा रस्ता बाजाराला वळसा घालून जाई, म्हणून कापसाच्या हंगामात उंद्रीकडच्या बैलबंड्या पहाटेपासून आमच्या दारांवरून जात. रात्रभराच्या वाटचालीनं दमलेले बंडीवाले कापसावर निजलेले असत आणि बैल सवयीनं आमच्या गल्लीत वळत. कापूस भिंतींना घासून त्याचे पुंजके खाली पडत. लेकरं ते बाहुल्या भरायला वेचत. काकाजींची धाकटी सुमन असाच एक पुंजका उचलायला वाकली आणि चाकाखाली गेली.

लोक बंडीवाल्याला मारायला धावले, तेव्हा काकाजी मधे उभे राहिले. “तो निजला होता, बाप्पा. त्याले मारून काय होते?” एवढंच ते म्हणाले. काकूंनी मात्र त्या दिवसापासून घराबाहेर पाऊल टाकलं नाही.

पुढच्या हंगामाआधी काकाजींनी कमिटीत ठराव मांडला: एक हंगामभर बंड्या अडवायला गल्लीच्या तोंडाशी लाकडाची आडवी बल्ली लावून पाहू. बुलढाण्याहून साहेबाची मंजुरीही आली. काय सांगू, गल्लीचं रूपच पालटलं. रस्त्यात बाजा टाकून आम्ही बायांनी त्यांवर वड्या वाळत घातल्या. माझी दोन्ही लेकरं दिवसभर बाहेर खेळायची आणि मला जीव मुठीत धरून बसावं लागत नसे. एका दुपारी काकू ओट्यावर येऊन बसल्या आणि माझ्या लेकीची वेणी घालू लागल्या. मी पदरानं डोळे पुसले.

बंड्या कुठे गेल्या, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही. त्या शेजारच्या पिंजाऱ्यांच्या गल्लीतून जात होत्या. आमच्या गाद्या भरणारे करीमभाई एका सकाळी काकाजींच्या ओट्यासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

“काकाजी, तुमचं दुःख मले मालूम आहे, म्हणून इतके दिवस बोललो नाही,” ते म्हणाले. “पण आता त्या बंड्या आमच्या दारावरून जाऊन राह्यल्या. काल माह्या नातवाचं पाऊल चाकाखाली गेलं.”

दोन्ही गल्ल्या बंद करा, म्हणून काकाजी कमिटीत भांडले. पण सगळ्या बंड्या बाजारातून गेल्या तर बाजारच तुंबेल, यात खोटं काही नव्हतं. एकच गल्ली बंद राहू शकत होती. काकाजींनी आमची बल्ली काढवली, आणि बंड्या दोन्ही गल्ल्यांतून वाटून जाऊ लागल्या.

मी घुंगट सावरून त्यांच्या ओट्याशी गेले. “काकाजी, माही दोन लेकरं याच रस्त्यावर खेळतात.”

“करीमभाईचं बी त्याच्या दारातच खेळत होतं, सूनबाई,” ते म्हणाले. “बल्ली लावली, पण बंड्या कुठी गेल्या, हे पाहाले मी गेलोच नाही.”

मला त्यांचा भयंकर राग आला. स्वतःचं लेकरू गमावलेल्या माणसानं आमच्या लेकरांच्या जिवावर न्याय करावा? काकूंनी तर बोलणंच टाकलं. ताट वाढायच्या, पाण्याचा तांब्या ठेवायच्या आणि आत निघून जायच्या.

दुसऱ्या दिवसापासून काकाजी पहाटे गल्लीच्या तोंडाशी उभे राहू लागले. निजलेल्या बंडीवाल्याला हलवून उठवायचे. “उतर, बाप्पा. बैलाले धरून पुढं चाल.” कोणी नाही उतरला, तर स्वतःच बैलांपुढे चालायचे. तिकडे करीमभाईंनीही तेच सुरू केलं. लोक टिंगल करत, की मेंबर आता बंडी हाकतात. पुढच्या निवडणुकीत ते पडले, तरी हंगाम आला की पहाटे तिथे उभे असायचेच. दोन्ही गल्ल्यांत पुन्हा कोणाला चाक लागलं नाही.

ऐन हंगामात काकाजी गेले. दुसऱ्या दिवशी घरात सुतक, गल्ली सुन्न, आणि चिखलीच्या रस्त्यावरून बंड्यांच्या घंटा ऐकू येऊ लागल्या. मी लेकरांना आत ओढायला दारात आले, तर काकूंचं दार उघडलं. कपाळ मोकळं, हात मोकळे. सुतकातली नवी विधवा उंबरा ओलांडत नाही आमच्याकडे. सासूबाई “अवो बाई” म्हणून पुढे झाल्या, पण काकू थांबल्या नाहीत. त्या गल्लीच्या तोंडाशी गेल्या आणि पहिल्या बंडीच्या बैलाची वेसण धरली.

“उतर, बाप्पा,” त्या म्हणाल्या. “हळू चाल. इथं लेकरं आहेत.”